हौदातला दांडगा मासा

ओल्या खापराचा वास आला की मला गंगाखेडची शाळा आठवते. निजामाचं राज्य नुकतंच गेलं होतं, मी नवा मास्तर. शाळेच्या हौदात लपायला खापरं टाकून आम्ही गोदावरीतले मासे पाळले होते. त्यातला एक दांडगा बाकीच्यांच्या शेपट्या कुरतडायचा. वैतागून मी त्याला मारायला निघालो, तर घाटावरची म्हातारी भोईण म्हणाली, “मारू नगा, मास्तर. आठ दिस घागरीत ठिवा, हौदातली खापरं हलवा, मंग सोडा. परत आल्यावर जागा कोणाची ह्येच त्याला उमगायचं न्हाई.” तसंच केलं. परतलेला मासा बावरून बाकीच्यांमागं गुमान फिरू लागला. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या दांडग्या पोरावर उगारलेली छडी मी खाली ठेवली आणि सगळ्यांच्या जागा बदलल्या. ती छडी पुन्हा उचलली नाही. आज म्हातारे झालेले विद्यार्थी पाया पडतात, तेव्हा मी मनात त्या भोइणीच्या पाया पडतो.