मामांचं बोलकं यंत्र

सुरतेच्या जमिनीवर लाखो माणसं चालतात, घरं बांधतात, पानाच्या पिचकाऱ्या टाकतात. पण त्या जमिनीचं म्हणणं कान लावून ऐकणारा माणूस आख्ख्या शहरात एकच होता, आणि तो आमच्या हिचा सख्खा मामा होता. कतारगामच्या एका कारखान्यात ते माग दुरुस्त करायचे. आठवड्याचे सहा दिवस मागांचा खडखडाट ऐकून माणसाचे कान बधिर होतात; मामांचे कान मात्र रविवारसाठी शाबूत राहत. मूळचे धुळ्याकडचे. बाहेर गुजराती बोलत, कारखान्यात हिंदी, आणि घरी व माझ्याशी अहिराणी. जमिनीखाली धन आहे याबद्दल त्यांना शंका नव्हती. सुरतेच्या लुटीचा विषय निघाला की ते अगदी कालच परत आल्यासारखे सांगत, "जवाईबापू, आपला लोके घाईमा व्हतात. घोडावर कितलं लादतीन? निम्मं आठेच ऱ्हायनं." ते राहिलेलं निम्मं शोधणं हे आपलं काम आहे, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

जमिनीतला धातू हुडकणारं यंत्र असतं हे त्यांना कुठून कळलं कोण जाणे, पण कळल्यावर त्यांनी सुरतेत एक भंगारवाला सोडला नाही. शेवटी मुंबईहून लष्कराच्या जुन्या सामानातलं एक यंत्र त्यांनी मागवलं. मी तेव्हा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होतो, त्यामुळे ती पेटी सोडवण्याचा मान माझ्याकडे आला. पेटी उचलताना हमाल म्हणाला, "साहेब, यात तोफ आहे काय?" सुरुंग शोधायचं यंत्र होतं ते. पाठीवर बॅटऱ्यांची पिशवी, कानाला लोखंडी पट्टीचे हेडफोन, हातात लांब दांडा. मामांनी ते अंगावर चढवलं आणि तापीच्या पात्रात उतरले. थोड्याच वेळात दांडा खांद्यावर आणि पिशवी माझ्या गळ्यात अशी आमची वरात परतली. बॅटऱ्या संपल्या होत्या, त्या जातीच्या सुरतेत मिळत नव्हत्या, आणि दांडा धरून मामांचा हात पंजापासून खांद्यापर्यंत सुजला होता. यंत्र निवडण्याचा पहिला नियम त्यांना त्या दिवशी सापडला, आणि पुढे तो त्यांनी भेटेल त्याला ऐकवला: "यंत्र हातले जड नको. जड यंत्र माणूसले लवकर घर लई येस."

मग त्यांनी ते विकून टाकलं आणि चौकातल्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला गाठलं. कारखान्यातल्या जळक्या मोटरची तार, पिठाच्या चाळणीची लाकडी कड, एक जुना ट्रान्झिस्टर आणि वेताची काठी, इतक्या भांडवलावर दोघांनी नवं यंत्र उभं केलं. तार कडेवर गुंडाळलेली, काठीच्या वरच्या टोकाला ट्रान्झिस्टर बांधलेला. चालू केलं की ते बारीक सूर धरून कुंईऽऽ करत राही, आणि खाली धातू आला की सूर बदले. चाळणी मामींची होती. तिची कड काठीला गेली आणि जाळी फळीवर राहिली, तेव्हा घरात काही दिवस चाळलेल्या पिठाची भाकरी मिळाली नाही. मामा म्हणत, कोंड्यात ताकद असते.

यंत्राचा आवाज ओळखायला त्यांनी घरातच शाळा घातली. चुलीजवळच्या राखेखाली कधी मामींची नथ, कधी खिळा, कधी पितळी उलथनं पुरायचं, डोळे मिटायचे आणि सुरावरून नाव सांगायचं. मामी स्वयंपाकाला बसल्या की उलथनं राखेतून शोधून काढायचं काम मामींच्याच माथी. पाहुण्यांच्या चपलांतले खिळे मामा दारातच ओळखत. एकदा माझे साहेब माझ्याकडे चहाला आले असताना मामांनी काठी त्यांच्या पोटापाशी नेली आणि प्रसन्न होऊन म्हणाले, "पट्टाचं बक्कल पितळी शे. चांगलं शे." साहेबांना अहिराणी येत नव्हती, म्हणून माझी नोकरी टिकली.

रविवारी मी त्यांच्याबरोबर जात असे. चालायची त्यांची एक रीत होती. काठी जमिनीशी जवळजवळ टेकवायची, झाडू मारल्यासारखी सावकाश फिरवायची, पहिला पट्टा थोडा झाकेल असा दुसरा पट्टा घ्यायचा, आणि खणलेला खड्डा बुजवल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही. डुमसच्या किनाऱ्यावर मात्र ही सगळी विद्या फुकट गेली. तिथली वाळू काळी, तिच्यात लोखंडाचा अंश. यंत्र तिथे पोचल्यापासून जे रडायला लागलं ते थांबेचना. मामांनी थोडा वेळ ऐकलं, मग खटका बंद केला आणि भजी मागवली. तापीच्या काठावर एकदा हवालदाराने हटकलं. "काका, शुं शोधो छो?" मामांनी खरं ते सांगितलं. हवालदाराने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, सायकलची किल्ली सापडेल का? ती सापडली. इतक्या वर्षांत त्यांना खिळे, घोड्यांचे नाल, कुलपं, घासून गुळगुळीत झालेली तांब्याची नाणी असं पुष्कळ सापडलं. धन सापडलं नाही. मामा कधी हिरमुसले नाहीत. पुढचा रविवार होताच.

मग एका पावसाळ्यात तापीला मोठा पूर आला. आमची वस्ती सखल. आम्ही सगळे शेजारच्या कारखान्याच्या गच्चीवर चढलो. मामा आले ते काठी छातीशी धरून. गादी, भांडी, सगळं खाली. मामी फक्त एवढंच म्हणाल्या, "संसार पाणीमा, अन् यंत्र गच्चीवर."

पाणी ओसरलं तेव्हा गल्लीत गुडघाभर चिखल होता आणि निम्म्या भिंती बसल्या होत्या. आमच्या शेजारी शांताबाई राहायच्या. बौद्ध कुटुंब, अकोल्याकडचं. नवरा रेल्वेत गँगमन. थोरल्या सुमनचं लग्न ठरलं होतं आणि तिच्यासाठी केलेली सोन्याच्या मण्यांची एकदाणी पत्र्याच्या ट्रंकेत होती. ट्रंक सापडली, झाकण उघडं, आत गाळ. शांताबाई रडल्या नाहीत. त्या नुसत्या दाराच्या जागी उभ्या राहिल्या.

मामांनी धोतर खोचलं आणि यंत्र घेऊन चिखलात उतरले. पण पडक्या घरांच्या चिखलात लोखंडच लोखंड: खिळे, बिजागऱ्या, पत्रे. यंत्र पावलोपावली ओरडत होतं. गँगमन म्हणाले, "मामा, राहू द्या. नशिबात नव्हतं म्हणायचं." मामांनी पायाखालची बिजागरी उपसली आणि ओट्यावर ठेवली.

"आधी लोखंड काढी टाकू," ते म्हणाले. "लोखंड गप बसनं की सोनं बोलस."

आणि त्यांनी खरोखर ते सुरू केलं. जिथे आवाज येई तिथे वाकून हाताने चिखल उपसायचा आणि निघेल ते ओट्यावर ठेवायचं. फावडं लावायचं नाही, कुणाची वस्तू दुखावेल म्हणून. आधी मी उतरलो, मग सुमन, मग गल्लीच उतरली. ओट्यावर ढीग झाला: पळ्या, कुलपं, शिलाई मशीनचं डोकं, कुणाच्या तरी तान्ह्याचे वाळे. लोक येऊन आपापलं ओळखून नेत, धुऊन पुसत. मामांच्या हातांची सालं निघाली होती. ते रोज कामावरून परस्पर चिखलात येत.

लोखंड निघत गेलं, चिखल वाळायला लागला, तशी जमीन मुकी झाली. मग मामा पुन्हा पहिल्यापासून चालले. मोरीच्या वळणाशी, बसलेल्या भिंतीच्या पायथ्याला, ते थांबले. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. त्यांनी बोटांनी माती उकरली आणि मुठीत काहीतरी घेऊन शांताबाईंच्या पुढे उभे राहिले. मण्यांना माती चिकटलेली, दोरा कुजलेला, पण मणी होते. शांताबाई त्यांच्या पाया पडायला वाकल्या तसे मामा मागे सरले.

"हाई सापडनं नही, बाई," ते म्हणाले. "हाई परत ऊनं."

सुमनच्या लग्नात गँगमननी त्यांना वडीलधाऱ्यांच्या रांगेत बसवलं. मामा अवघडून गेले होते आणि फार खूश होते.

पुढेही आमचे रविवार चालूच राहिले. एकदा तापीच्या काठी बसलो असताना मी विचारलं, "मामा, समजा खरंच हंडा लागला, तर?" ते तारेवरची माती पुसत होते.

"सरकारमा जमा करना पडी," ते म्हणाले. मग जरा काळजीने, "पण मंग रविवारले मी कोठे जाऊ?"

ते गेले त्याला आता काही वर्षं झाली. रविवारी सकाळी चहा होतो, पेपर वाचून होतो, आणि तरी दुपार व्हायला फार वेळ लागतो.