पिशवीतली वीज

कुणाच्याही स्वयंपाकघरात शिरले की ते आधी भांड्यावर टिचकी मारायचे. "वयनी, हे जर्मनचं हाय ना? कवा फुटन?"

अमरावतीच्या आमच्या कॉलेजात ते रसायनशाळेत प्रात्यक्षिकं घ्यायचे, मी तिथलं सामान सांभाळायचो. त्यांना येताना पाहून बायका जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, पातेली लपवत. आमच्या घरचं एक झाकण त्यांनी नेलं, ते बायकोने कायम माझ्याच माथी मारलं.

साठ सालानंतरची गोष्ट. अवकाशयानात हायड्रोजनपासून वीज करतात, असं त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं आणि झपाटले. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात ॲल्युमिनियमचे तुकडे टाकले की हायड्रोजन निघतो. तो घटात, म्हणजे सेलमध्ये, सोडायचा, की झाली वीज!

"वावरात तार येईन तवा येईन. तवरोक पिशवीत वीज न्याले काय हरकत हाय?"

घटाला प्लॅटिनमची तार लागते. ती विभागप्रमुखांच्या कुलपात. आमच्या या संशोधकांना किल्ली कुठून मिळाली, हे मला पक्कं ठाऊक आहे. मीच दिली होती.

चार दिवसांनी विभागप्रमुख सरांनी कपाट उघडलं, तर तार गायब. सर पुण्यात शिकलेले, भाषा इस्त्रीची. "ही चोरी आहे. उद्या यंत्र चालवून दाखवा, नाहीतर राजीनामा लिहा."

दुसऱ्या दिवशी टेबलावर एक बरणी, चार घट आणि त्यांना जोडलेला घरीच बनवलेला, इवलासा रेडिओ. इअरफोन एकच. तो सरांनी कानाला लावला. बरणीत बुडबुडे उठत होते. सरांचा चेहरा दगड. पाच मिनिटं गेली. हे घामाघूम. मी मनात माझाही राजीनामा लिहायला घेतला.

"सर, काई ऐकू येते काय?"

"चूप बसा!" सर खेकसले. "कापसाचे भाव सांगून राह्यले!"

पुण्याची भाषा एका दमात दर्यापूरला पोचली. तिकडे सरांचं घर आणि कापसाचं वावर होतं.

तेवढ्यात बुडबुडे मंदावले. तुकडे संपले होते. सरांनी आपला जर्मनचा जेवणाचा डबा ओढला, झाकण काढलं आणि यांच्यापुढे सरकवलं. "कापा. लवकर!"

राजीनाम्याचं नाव पुन्हा निघालं नाही. घट मात्र कधीच वावरात गेला नाही. पाऊण तासापलीकडे तो टिकेचना.

दोन वर्षांनी ते अकोल्याच्या कॉलेजात गेले आणि तिथेच एका उन्हाळ्यात, झोपेत, वारले. त्यांचा आम्लाने भोकं पडलेला कोट आमच्या रसायनशाळेत खुंटीवरच राहिला होता. नव्या शिपायाने टेबलं पुसायला म्हणून तो फाडायला घेतला. सर उठले. त्याच्या हातून कोट काढून घेतला, झटकला आणि स्वतः पुन्हा खुंटीला लावला.