यादीतलं पुढचं नाव

नरडाण्याच्या फलाटावर मी सकाळच्या सुरत पॅसेंजरची वाट बघत उभा होतो. डाव्या कानात रुईचा बोळा होता. ती आमच्याच जिनिंगमधली रुई, सरकी काढलेली, पांढरीशुभ्र. बोळा दर तासाला पिवळसर ओला व्हायचा आणि माझी धाकटी बहीण सुनंदा पिशवीतून नवा काढून द्यायची. स्टेशनवर तीच एकटी आली होती. आईला येता आलं नाही, कारण तिचा डावा डोळा सुजून बंद झाला होता. असा चेहरा घेऊन ती शिंदखेड्यातून नरडाण्यापर्यंत एसटीत बसली असती, तर निम्म्या बसने विचारलं असतं काय झालं म्हणून. वडील येणार नव्हतेच.

"दादा, कान दुखस का?" सुनंदाने विचारलं. मी नाही म्हणालो. खरं तर तिचा प्रश्नही मला उजव्या कानानेच ऐकू आला होता. गाडी लागली तेव्हा ती म्हणाली, "मायनी सांगेल शे, पोचना म्हणजे चिठ्ठी टाक." मी चढलो. खिडकीशी जागा मिळाली, पण ती डाव्या बाजूची होती. सुनंदा शेवटचं काय बोलली ते मला कधीच कळलं नाही.

मी चाललो होतो सुरतेमार्गे मुंबईला, विमान चालवण्याच्या नोकरीसाठी. खाजगी विमान कंपन्या नुकत्याच निघू लागल्या होत्या, त्या नव्वदीच्या सुरुवातीच्या वर्षांतली ही गोष्ट. त्यातल्या एका कंपनीने स्वस्त तिकिटांची जाहिरात केली होती आणि तिला नवे, कमी पगारात येणारे वैमानिक हवे होते. लेखी परीक्षा झाली होती. मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी राहिली होती.

आजवर कितीतरी वेळा मी लोकांना सांगितलंय की मी गाव सोडलं ते विमानासाठी. आमच्या भागातून बाहेर पडलेले सगळेच असं काहीतरी सांगतात, शिक्षण, नोकरी, बदली. ते खोटं नसतं. पण माझ्यापुरतं त्याच्या आदल्या दुपारचंही सांगायला हवं.

वडिलांना सगळा गाव नाना म्हणायचा, आम्हीही. शिंदखेड्याजवळ आमचं जिनिंग होतं. नाना उंच, हाडापेराने रुंद, आणि हाताने फार जलद. जिनिंगमधले मजूर, गाडीचे बैल, आम्ही दोघं भावंडं आणि आई, सगळ्यांनी त्या हाताचा मार खाल्लेला. मारून झालं की ते मोरीवर जाऊन हात धुवायचे आणि चहा मागायचे. आई चहा ठेवायची. मी लहान असताना ती मला जवळ घेऊन सांगायची, "त्यास्ना हात वाईट शे, मन वाईट नही." कित्येक वर्षं मला हे खरं वाटत होतं, कारण त्याच नानांनी मला धुळ्याच्या धावपट्टीवर नेऊन फ्लाइंग क्लबचं छोटं विमान दाखवलं होतं. शिष्यवृत्तीचा अर्ज त्यांनी स्वतः भरून घेतला. पहिल्यांदा मी एकट्याने विमान वर नेलं त्या दिवशी ते कुंपणाबाहेर टोपी हातात घेऊन उभे होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आपल्या पोराबद्दल सांगत होते, "मन्हा आंडोर इमान उडावस."

मुलाखतीचं पत्र आलं तेव्हा त्यांना जिनिंगच्या आवारात मांडव घालून सगळ्या गावासमोर सत्कार करायचा होता. "बठ्ठा गाव येई," ते म्हणाले. आई पोळ्या लाटत होती. मान वर न करता ती म्हणाली, "त्याले जाऊ द्या आधी. नोकरी लागू द्या, मंग बलावा लोकेसले."

"तू माले शिकाडस?" एवढंच ते बोलले. मग तिच्या हातातलं लाटणं त्यांनी ओढून घेतलं. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा डोळ्याजवळ. ती चुलीकडे कलंडली. तिचा पदर निखाऱ्यांवर पडायच्या आत सुनंदाने ओढला. तिसऱ्या फटक्यासाठी हात वर गेला आणि मी तो मनगटापाशी धरला. पंचविसाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा. "नाना, बस," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे नवल वाटल्यासारखं बघितलं आणि मोकळ्या हाताने, उघड्या पंजाने माझ्या कानावर मारलं.

आत कागदी पिशवी फुटावी तसा आवाज झाला. मग जमीन डावीकडे वर आली आणि मी भिंतीला धडकलो. गळ्यावर काहीतरी कोमट उतरत होतं. नाना मोरीवर गेले. पाण्याचा आवाज मला फक्त एका बाजूने येत होता.

मुंबईत तपासणीच्या डॉक्टरांनी कानात दिवा लावून बघितलं. "कोणी मारलं?"

"पडलो, सर."

"पडून कानाचा पडदा असा फाटत नाही," ते म्हणाले. कागदावर त्यांनी लिहिलं, तात्पुरता अपात्र, तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे. फाटक्या पडद्याने विमानात बसणंसुद्धा धोक्याचं, चालवणं तर दूरच. मुलाखत घेणाऱ्या कंपनीच्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी माझं नाव यादीतून काढलं नाही, शेवटी टाकलं.

त्याच तपासणीत हेमंत पास झाला. हेमंत असोद्याचा, केळीच्या बागा असलेल्या घरातला. धुळ्याला आम्ही एकाच वर्षी शिकलो होतो आणि एकाच विमानावर आळीपाळीने तास भरले होते. मी अहिराणी बोलायचो, तो त्याच्या जळगावकडच्या लेवा बोलीत उत्तर द्यायचा, आणि क्लबमधल्या पुणेकरांना दोन्ही कळायचं नाही. मुंबईत विमानतळामागे कलिन्याला आम्ही एक खोली घेतली. तिसरा नागपूरचा मिलिंद. तिघंही लायसन्सवाले, तिघंही बेकार. तिघांत एक टाय होता. ज्याला कुठल्या कंपनीच्या ऑफिसात जायचं असेल तो टाय बांधायचा, उरलेले दोघं त्याचे बूट पुसायचे. छपरावरून विमानं उतरायची. कुठलं इंजिन आहे हे आवाजावरून ओळखायची आमची पैज असायची आणि मी दर वेळी हरायचो. हेमंत हसायचा नाही. रोज संध्याकाळी मला आडवं करून तो माझ्या कानात औषधाचे थेंब घालायचा आणि मिनिटं मोजत माझं डोकं धरून बसायचा. त्याचा हात केळीच्या चिकाने काळपट पडलेला होता, पण अंगावर आल्याचं कळायचं नाही इतका हलका होता.

तीन महिन्यांनी माझ्या कानाचा पडदा भरून आला. डॉक्टरांनी पात्र लिहिलं. पण जागा भरल्या होत्या. यादीत आता फक्त माझं नाव राहिलं होतं, जागा रिकामी झाली तर बोलावू या बोलीवर. हेमंतचं प्रशिक्षण पुढच्या सोमवारी सुरू व्हायचं होतं.

त्या शुक्रवारी दुपारी तो पेढे घेऊन आला. मी कपडे वाळत घालत होतो. मला बरं वाटावं म्हणून असेल, तो म्हणाला, "तुह्या जिनिंगवर फोन लावला होता मी. नानाले सांगितलं, कान बरा झाला म्हनून."

मी विचारलं, काय म्हणाले.

"नाना म्हने, त्याचा कान तं लहानपनापासूनच खराब हाये."

हेमंतला काय घडलं होतं ते माहीत नव्हतं. मी त्यालाही पडलो असंच सांगितलं होतं. तो पेढ्यांचा पुडा सोडत होता. मी त्याच्या तोंडावर मारलं. पुडा उडाला. "अरे, काय झालं?" असं म्हणत तो मागे सरकला, तेव्हा मी पुन्हा मारलं, मुठीने, दातांवर. तो दाराबाहेर लोखंडी जिन्याच्या तोंडाशी गेला. तिथे त्याने दोन्ही हात वर केले, मारायला नाही, तोंड झाकायला. मी त्याला छातीवर ढकललं. तो उजव्या हातावर पडत, आपटत, वळणापर्यंत गेला.

इथे थांबलो असतो तर अपघात म्हणता आलं असतं. मी खाली उतरलो आणि त्याला लाथा घातल्या. किती ते माहीत नाही. माझं तोंड सारखं चालू होतं. मुंबईत मी कधी शिवी दिली नव्हती, आणि आता ज्या शिव्या बाहेर पडत होत्या त्या अहिराणीत होत्या, नानांच्या, त्याच क्रमाने, त्याच चालीवर. मिलिंदने मागून कंबर धरून मला ओढलं. मी वर आलो, नळ सोडला आणि हात धुतले. बोटांच्या पेरांवरचं रक्त हेमंतच्या ओठांचं होतं. साबण लावता लावता मला दिसलं की मी काय करतोय. तेव्हा मी मोरीतच खाली बसलो.

इस्पितळात हेमंतने सांगितलं, जिन्यावरून पडलो. मनगटाची दोन हाडं मोडली होती. प्लास्टर कोपरापर्यंत. सोमवारी तो जाऊ शकला नाही.

बुधवारी खालच्या वाण्याच्या दुकानात माझ्यासाठी फोन आला. कंपनीच्या बाई होत्या. एक जागा रिकामी झालीय, उद्या येता का?

मी नाही म्हणालो असतो तर ही आठवण सांगणं सोपं गेलं असतं. मी वर गेलो आणि भिंतीशी बसलेल्या हेमंतला सांगितलं की फोन आला होता. शुक्रवारपासून तो माझ्याशी बोलला नव्हता. त्याने प्लास्टरकडे बघितलं. "जाय तू," तो म्हणाला. "जागा दुसऱ्याच्या हाती गेली तं मले काय भेटनार हाये? पन या खोलीत परत येऊ नको."

मी टाय तिथेच ठेवला आणि बॅग घेऊन निघालो.

हेमंतचं मनगट वाकडं बसलं. पुन्हा ऑपरेशन झालं, पण हात पूर्ण वळेना. पुढच्या तपासणीत त्याच्या कागदावर अपात्रच्या आधी तात्पुरता हा शब्द नव्हता. तो असोद्याला परत गेला. हे मला मिलिंदने सांगितलं. मी तोपर्यंत को-पायलटच्या उजव्या सीटवर बसून मुंबई-नागपूर करत होतो. आकाश निरभ्र असलं की खाली खानदेश दिसायचा, तापीची रेघ, केळीच्या बागांचे गडद चौकोन. कॅप्टन म्हणायचे, तुझा मुलूख आला. मी उपकरणांकडे बघायचो.

दोन वर्षांनी मी असोद्याला गेलो. जळगावहून भाड्याची मोटारसायकल घेतली आणि वाटेत काय बोलायचं ते ठरवत गेलो. घरी हेमंतची आई होती, अक्का. मी नाव सांगितल्याबरोबर तिने मला ओळखलं आणि माझे दोन्ही हात आपल्या हातांत धरले. "तुमी होते म्हनून बरं झालं बापा," ती म्हणाली. "नाहीतं माह्यं पोरगं त्या जिन्याखाले तसंच पडून राह्यलं असतं." तिने भरीत-भाकरी वाढली. हेमंत बागेतून आला, मला बघून दारात थबकला, मग पाय धुऊन माझ्या शेजारी जेवायला बसला. भाकरी तो डाव्या हाताने मोडत होता. अक्का माझ्या ताटात वाढत राहिली आणि मी खात राहिलो.

निघताना तो मोटारसायकलपर्यंत आला. मी म्हणालो, हेमंत, मी अक्कांना खरं सांगून जातो.

"तिले काही सांगू नको," तो म्हणाला. "मुंबईत आपल्या पोराचं कोनी होतं, असं तिले वाटते. वाटू दे." मग म्हणाला, "मले सांगायचं होतं ते सांग."

पाठ केलेलं सगळं विसरलो. मी त्याला नाना, लाटणं, कान, ती दुपार, सगळं पहिल्यापासून सांगितलं. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हनजे तो मार माह्या नावाचा नव्हताच." आणि थोड्या वेळाने, "पन लागला तं मलेच." तो आत गेला. मी त्याची माफी मागितली की नाही, हे मला आज नीट आठवत नाही. त्याने दिली नाही, हे आठवतं.

नाना गेले तेव्हा मी शिंदखेड्याला जाऊन अग्नी दिला. जिनिंगच्या ज्या मुकादमाचे दात नानांनी पाडले होते तो ढसाढसा रडला. मला रडू आलं नाही. आईला मी मुंबईला घेऊन आलो. सुनंदा तिच्या घरी शिरपूरला सुखी आहे, तिचा नवरा मृदू माणूस आहे. तिने तो तसाच शोधून घेतला.

शिंदखेड्याचं घर आता बंद आहे. लोक विचारतात, गावाची ओढ वाटत नाही का. वाटते. अहिराणी कानावर पडली की मी वळून बघतो. पण घर म्हटलं की मला आता आमचं इथलं स्वयंपाकघर दिसतं. आईचे हात हल्ली थरथरतात. कधी तिच्या हातून पेला निसटतो, दूध ओट्यावरून खाली सांडतं. माझी बायको फडकं आणायला जाते, मुलगी हसते. आई पेला उचलत नाही. आधी ती वळते आणि माझ्या हातांकडे बघते. मग मी दोन्ही हात मांडीवर ठेवून, ती वाकून पेला उचलेपर्यंत, न हलता बसून राहतो.