बाळाराम ‘पल’ म्हणाला नव्हता

न्हावा शेव्याला आमच्या कस्टम एजंटच्या ऑफिसात फोन आला, ‘बाळाराम गेला. झोपेतच.’ महिना झाला त्याला. फोन ठेवताना आधी मला सुटल्यासारखं वाटलं... रडू नंतर आलं. कुठेतरी हे लिहायला हवं.

बाळाराम तळवली गावचा, पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फिटर. ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराला मी घणसोलीत फ्लॅट घेतला. पोट सुटलं म्हणून गावामागच्या डोंगरातल्या पायवाटेवर सकाळी धावू लागलो, तिथे तो अनवाणी धावताना भेटला. ऐन-सागाच्या झाडीत दव ठिबकत असायचं, खालच्या रस्त्याची घरघर वर पोचायची नाही, ऐकू यायचे ते आमचे श्वास. मी मागे पडलो की तो न वळता म्हणायचा, ‘पल रं फ्लॅटवाल्या, का सोसायटीची मीटिंग घेऊ?’ त्याच्या बोलीत पळ म्हणजे पल. त्या तासाभराइतकं सुख मला पुढे कशातच मिळालं नाही.

मग कारखान्यात संप झाला, बाळाराम त्यात पुढे. एका सकाळी करवंदीच्या जाळीमागून तिघं आले, हातात सळया. पहिला फटका त्याच्या गुडघ्यावर बसला, ओला बांबू फुटावा तसा आवाज झाला. तो पडला तर त्याच हाडावर दुसरा. तिसरा तोंडावर. दात मातीत पडलेले मी पाहिले. तशाही स्थितीत त्यानं एकाची सळई दोन्ही हातांनी धरून ठेवली आणि रक्तानं भरल्या तोंडानं माझ्याकडे बघून ओरडला, ‘धर त्याला, धर.’ तो माणूस माझ्यापासून चार पावलांवर होता, पाठमोरा... मी पळालो. त्या वाटेवर इतक्या जोरात मी कधीच धावलो नव्हतो. मागून फटके ऐकू येत होते. वाटेत दिसलेल्या लोकांना वाटलं मी मदत आणायला चाललोय. मी घरी जाऊन दार लावून घेतलं. त्याला लाकडांना गेलेल्या बायकांनी खाली आणलं.

पाय कापावा लागला. इस्पितळात हवालदार जबाब घ्यायला आला तेव्हा मी खाटेशी उभा होतो. शिवलेल्या ओठांनी बाळाराम म्हणाला, ‘यो थांबत व्हता. मीच त्याला सांगला, पल.’ माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही. मी गप्प राहिलो आणि तेच खरं ठरलं. त्याचा दोस्त म्हणून गावच्या जत्रेला मला मानानं बोलावणं येऊ लागलं. रविवारी मी त्याच्याकडे जायचो, गप्पा व्हायच्या, चेष्टाही. पण ‘पल’ हा एक शब्द त्याच्या तोंडून पुन्हा कधी आला नाही.

बाराव्याला वहिनी, बाळारामची बायको, पाहुण्यांना तीच ‘पल’ची गोष्ट सांगत होत्या. सगळे गेल्यावर त्या माझ्यासाठी चहाचा कप घेऊन ओटीवर आल्या. म्हटलं, ‘वहिनी, तो पल म्हणाला नव्हता. धर म्हणाला होता. मी त्याला टाकून पळालो.’



‘मंग एवढी वर्सं आमचे घरी कशाला येत व्हते तुमी?’

त्या आत गेल्या, कपातला चहा परत टोपात ओतला आणि कप विसळून पालथा घातला.