पाटा घेऊन कंबर दाखवायला

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ कधी जमलं नाही, त्याबद्दल आधीच माफी. ही वही कुणाला दाखवायची नाही, तरी माफी मागितलेली बरी.

निपाणीच्या एका मेसमध्ये मी अकरा वर्षं भाकऱ्या थापते. रोज दीडशे, खाली बसून, चुलीवर वाकून. यंदा कंबर अशी धरली की उठताना भिंत लागायची. कंबर गेली तर काम गेलं. लेकीनं बेंगळुरूच्या डॉक्टरांना दाखवायला बोलावलं. लेकीकडं रिकाम्या हातानं कसं जायचं? चटणी वाटायचा दगडी पाटा बरोबर घेतला.

सकाळी बसमधून उतरले आणि येलहंक्याला, लेकीच्या घरी जायला रिक्षा केली. रिक्षावाले अण्णा तिथलेच जुने मराठी.

“अक्का, पिशवीत काय, दगड?”

“हो.”

ते हसले. पिशवी उचलल्यावर हसायचे थांबले. “आणि आलात कशाला?”

“कंबर दाखवायला.”

अण्णांच्या पाठीला उशी बांधलेली. जाड पाकीट मागच्या खिशात ठेवून दिवसभर त्यावरच बसल्यानं त्यांची कंबर गेली म्हणे. “पैसे नाहीत हो त्यात, नुसत्या चिठ्ठ्या!” पुढं खड्डा आला, की ते आधीच ओरडायचे, “स्वल्प (थोडं) धरून बसा!” आणि मग स्वतःच कळवळायचे.

वाटेत एका दर्शिनीत (इडली-डोशाचं छोटं हॉटेल) थांबलो. सगळे उभ्यानंच खात होते. मला वाटलं, गावाचीच कंबर धरलीय.

लेकीच्या घरी जावई इस्त्रीच्या टेबलावर कॉम्प्युटर ठेवून उभे. दहा-दहा तास खुर्चीत बसून त्यांचीही गेलेली. माझ्या पाया पडायला वाकले ते तसेच राहिले. मी “सुखी राहा” म्हणाले, तरी वर येईनात. आम्ही मायलेकींनी धरून त्यांना सरळ केलं.

दुपारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई कन्नड बोलायच्या, लेक मराठीत सांगायची.

“जड काही उचलता का?”

“नाही,” मी म्हणाले.

“आई, पाटा!”

“तो तुझ्यासाठी होता गं. ते काय उचलणं झालं?”

बाईंनी माझे पाय एकेक करून वर उचलून बघितले, मुंग्या येतात का विचारलं. मग म्हणाल्या, “हाडाला काही नाही. तासन्‌तास वाकून बसणं आणि जड उचलणं सोडा. झोपून राहू नका, कंबर आणखी धरेल. काम करा, पण उभ्यानं.”

उभ्यानं म्हणजे मालकांना चूल ओट्यावर घ्यायला सांगायचं. अकरा वर्षांत मी त्यांच्याकडं चिमूटभर मीठ मागितलं नव्हतं. परतीच्या बसमध्ये तेच वाक्य मनात घोकत होते.

गावी आल्यावर दोन दिवस तशाच वाकून भाकऱ्या थापल्या. तिसऱ्या दिवशी परातीकडं बघत सांगून टाकलं.

मालक म्हणाले, “उभ्यानं भाकरी? कुठं बघितलंस?”

“मग आज तुम्ही बसून थापा,” माझ्या तोंडून गेलं. माझंच मला खरं वाटेना.

हट्टानं बसले. तीन थापल्या, चौथीला कंबर धरली. मग तिथूनच, पिठाच्या हातानं, त्यांनी गवंड्याला फोन लावला.

“आजच ये,” म्हणाले, “आणि आल्यावर आधी मला उठव.”

आता माझी चूल कमरेएवढ्या ओट्यावर आहे. खुर्चीवाले, रिक्षावाले, चुलीवाल्या, कंबर कुणाचीच सुटली नाही. पण माझं काम राहिलं.