शेवटच्या भागासाठी टाकलेली रजा

हे मी आजवर कुणापाशीच बोलले नाही — नवऱ्यापाशी नाही, लेकापाशी तर नाहीच. एकतीस वर्षं मराठी शिकवलं मी. व्हरांड्यात माझी चप्पल वाजली की वर्ग चिडीचूप व्हायचे. त्याचा मला अभिमान आहे, लपवू कशाला?

त्या उडत्या वीरांच्या सिनेमांना मी वर्गात नावं ठेवायची. रिकामटेकड्यांचे उद्योग म्हणायची. आणि स्वतः? त्यातल्याच एका सिनेमालिकेचा एकेक भाग लेकासोबत थिएटरात जाऊन पाहिला होता. पहिल्या भागाला तो पाचवीत होता, माझा हात घट्ट धरून बसला होता. शेवटचा भाग आला तेव्हा तो बंगळूरला नोकरीला. "आई, तू पहिल्याच दिवशी बघून ये," म्हणाला. मी शाळेत कळवलं — ताप आहे. आयुष्यातली पहिली खोटी रजा.

मध्यंतरात समोशाच्या रांगेत समोर कोण? सना. माझ्याच नववीतली, छावणी भागातून येणारी, आमच्या खो-खो संघाची कर्णधार. गणवेशावर ओढणी गुंडाळलेली. मी पटकन तोंड फिरवलं. तिचा चेहरा मात्र उजळला.

"मॅडम, तुम्ही पण? लई भारी!"

शेवटी नायक सगळ्यांसाठी जीव देतो. पुढच्या रांगेत ती रडत होती, मागे मी पदर डोळ्यांना लावून.

दुसऱ्या दिवशी ती पकडली गेली. क्रांती चौकात, थिएटरसमोर रिक्षातून उतरताना शाळेच्या शिपायानं पाहिलं होतं. मुख्याध्यापिकांच्या खोलीत तिला उभं केलं. शाळेची शिस्त माझ्याकडे, म्हणून मीही तिथंच.

"शाळेतलं अजून कोण होतं तिथं?" त्यांनी विचारलं.

सनानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कोणीच नव्हतं, मॅडम. मी एकलीच गेल्ती."

मी तोंड उघडायला हवं होतं ना? उघडलं की. म्हणाले, "शाळा बुडवून सिनेमे बघायचे, आणि वर कर्णधार म्हणून मिरवायचं? लाज नाही वाटत?" हे मी — आदल्या दिवशी तापानं फणफणलेली! आणि कर्णधारपद काढून घ्या, ही सूचना... तीही माझीच. कुणी मागितली नव्हती. पोरीनं माझं नाव लपवलं, त्यामुळे तिचीच भीती मला जास्त वाटली — म्हणून.

जिल्ह्याच्या सामन्यात ती राखीव म्हणून मैदानाबाहेर बसली, घसा फाटेस्तोवर मुलींना ओरडून सांगत राहिली. आम्ही हरलो. तिनं मला कधी एका शब्दानं विचारलं नाही. वर्गात पहिल्यासारखीच उठून नमस्ते म्हणायची.

आता ती देवगाव रंगारी गावातल्या मुलींना खो-खो शिकवते. गेल्या महिन्यात तिच्या संघानं राज्यात बाजी मारली, शहरात सत्कार झाला. मी पहिल्या रांगेत होते. सूत्रसंचालकानं विचारलं, "शाळेत तुम्हीच कर्णधार असणार?"

"नाय हो," ती हसून म्हणाली, "मी आपली राखीव खेळाडू."

ऊर भरून आला माझा. तळहात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या. ही माझी विद्यार्थिनी, असं शेजारच्या बाईंना दोनदा सांगितलं.

ती कर्णधार होती, हे मात्र मी तिथंही बोलले नाही.