घुसळणबाईचा हात

प्रयोगशाळेत तिला सगळे घुसळणबाई म्हणत. तोंडावर म्हणत आणि तीही ओ देई. नाव पडलं ते कामावरून. तोंडाला तोंड जोडलेल्या दोन सिरिंजा हातात धरायच्या आणि आतलं औषध या नळीतून त्या नळीत, त्या नळीतून या नळीत ढकलत राहायचं. तेल, मज्जातंतूवरच्या आवरणातलं एक प्रथिन आणि क्षयाच्या मेलेल्या जंतूंची पूड. मनगटं भरून येईपर्यंत घुसळलं की त्याचं पांढरं घट्ट लोणी होई. मग त्यातला एक थेंब पाण्यात सोडून पाहायचा. पसरला तर काम फुकट, गोळा राहिला तर जमलं. तिचा थेंब कधी पसरत नसे.

ते लोणी उंदराच्या कातडीखाली टोचलं की दोनेक आठवड्यांत त्याची शेपूट लुळी पडे, मग मागचे पाय फरफटायला लागत. माणसांना होतो तसाच आजार, उंदरात मुद्दाम उठवलेला. सुरुवातीला नवऱ्यानं विचारलं होतं, की एवढंसं लोणी पाय कसे घेतं?

"लोणी नाही घेत," ती म्हणाली होती. "अंगात जंतूंशी लढणाऱ्या पेशी असतात ना, त्यांना ते चिथवतं. मेलेले जंतू दिसले म्हणून त्या खवळतात, सोबत ते प्रथिन दिसतं, आणि त्यालाच शत्रू समजून बसतात. मग स्वतःच्याच नसांची आवरणं कुरतडत सुटतात. कुंपणच शेत खातं म्हणतात ना, ते."

नवरा बसचा ड्रायव्हर, जिभेनं तिखट. चारचौघांत सांगायचा, "लोक दुखणी बरी करून पोट भरतात, आमची बायको दुखणी लावून भरते." ती हसायची. पण खरं होतं ते. बिघडवण्याच्या त्या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिनं टोचलेला उंदीर आजारी पडणार म्हणजे पडणार. त्या भरवशावर प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी आपली सगळी कारकीर्द उभी केली होती. अंगातली नेमकी कुठली पेशी आधी फिरते, ते त्यांना शोधायचं होतं. दोघी बरोबरच रुजू झालेल्या. मॅडम वयानं लहान, त्या तिला ताई म्हणत, आणि पाहुणे आले की खांद्यावर हात ठेवून म्हणत, "या ताईंचा हात म्हणजे आमची अर्धी प्रयोगशाळा."

मग नवं प्राणिगृह झालं. चकचकीत. हवा गाळलेली, चारा वाफवलेला, पाणी उकळलेलं. आत जायचं तर अंघोळ करून, नखशिखान्त झाकून. उंदीरसुद्धा नवे, कुठल्याही जंतूचा वारा न लागलेले. जुनं प्राणिगृह, कोंदट वासाचं, पाडून टाकलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आणि नव्या जागेतली तिची पहिली खेप आजारी पडली नाही.

दोन आठवडे गेले, तीन गेले. शेपट्या ताठ. उंदीर पिंजऱ्याच्या जाळीला लटकून कसरती करत होते. मॅडम म्हणाल्या, होतं असं कधीकधी. दुसरी खेप. तीच गत. तेल नवं मागवलं, प्रथिन नवं, जंतूंची पूड नवी. तिसऱ्या खेपेत एका उंदराची शेपूट जराशी झुकली, तर ती पाहायला सगळी प्रयोगशाळा पिंजऱ्याभोवती गोळा झाली. दुसऱ्या दिवशी ती शेपूटही सरळ.

आता बदलायचं काय उरलं? सगळ्यांच्या नजरा तिच्या मनगटांवर यायला लागल्या.

मॅडमच्या हाताखाली एक चष्मेवाला संशोधक होता. तो एका ओळखीच्या संस्थेत गेला, तिथल्या जुन्यापान्या प्राणिगृहात त्यानं स्वतः घुसळून स्वतः टोचलं. उंदीर पटापट लुळे पडले. त्यानं त्याची चित्रफीत आणून मॅडमच्या खोलीत सगळ्यांना दाखवली. तिनंही पाहिली. फरफटणारे पाय पाहून तिला आधी बरंच वाटलं, कारण औषध ठीक होतं. आणि मग बाकीचं लक्षात आलं. हात बदलला होता. हाताबरोबर जागाही बदलली होती, पण ते त्या खोलीत कोणाच्याच ध्यानात आलं नाही, तिच्याही नाही.

मॅडमनी तिला एकटीला थांबवून घेतलं.

"ताई, हात थकतो हो माणसाचा. त्यात कमीपणा नाही. दुसरं काम बघू या का? काचेची भांडी, सामानसुमान..."

"माझा थेंब पसरत नाही, मॅडम."

"नाही पसरत. मी पाहिलंय." मॅडमनी खेपांची वही मिटली. "पण उंदीर पडत नाहीत ना."

भांडी धुण्यापेक्षा घरी बसलेलं बरं, म्हणून तिनं मुदतीआधी निवृत्ती मागितली. मॅडमनी एकदा नको म्हटलं, दुसऱ्यांदा म्हटलं नाही. निरोपाला भाषणं झाली. चष्मेवाल्याचं सर्वांत लांब होतं.

घरी तिनं हे कोणापासून लपवलं नाही, आणि तिथंच चुकलं. हात गेला, असं तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. मग एक दिवस तिच्याकडून चहाचा कप सांडला, कोणाकडूनही सांडतो तसा, आणि सगळं घर एकमेकांकडे बघायला लागलं. सून वाईट नव्हती. "आई, असू द्या, मी करते," म्हणत तिनं एकेक करून विळी घेतली, कढई घेतली, शेवटी गॅसची काडीही. नात झाली तेव्हा तर घुसळणबाई स्वतःच लांब बसली. बाळाला घे म्हटलं की म्हणायची, नको, सुटेल माझ्याकडून. नात रांगली, उभी राहिली, चालली. आजीनं सगळं खुर्चीत बसून पाहिलं. शेजारच्या म्हाताऱ्या मास्तरांना ती रोज सकाळी साखरेच्या आजाराचं इंजेक्शन द्यायची, तेही थांबवलं. मास्तर बिचारे दवाखान्याच्या रांगेत उभे राहायला लागले.

नवऱ्यानं नसांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी बोटं ताणून पाहिली, हातोडीनं ठोकून पाहिलं, कागदावर गोल काढायला लावले.

"हात ठणठणीत आहे हो यांचा."

"उंदरांना विचारा," ती म्हणाली आणि पदर सावरून उठली.

तीन वर्षं अशी गेली. एकदा भाजीच्या गाड्यापाशी प्राणिगृहातला पिंजरेवाला भेटला. कोथिंबिरीचा भाव करता करता म्हणाला, "मॅडमचं ऐकलंत ना? मोठं बक्षीस मिळालं. उंदीर आता धडाधड पडतात."

"कोण घुसळतं?"

"घुसळण्याचं काही नव्हतंच हो ते! पोटातल्या जंतूंचं होतं. चष्मेवाल्यानं जिथं टोचलं होतं ना, त्या संस्थेच्या जुन्या प्राणिगृहातले उंदीर आणून आपल्यांत सोडले, वेगळ्या खोलीत. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात, तुम्हाला माहितीच आहे. त्यातून जंतू पोटात गेले आणि मग टोचलं, तर पडले की सगळे. त्या लढणाऱ्या पेशींची म्हणे आतड्यात तालीम होते. आपले उंदीर इतके स्वच्छ, की तालीम द्यायला आत कोणी नव्हतंच." मग तिचा चेहरा पाहून तो चाचरला. "तुम्हाला सांगितलं नाही कोणी?"

ती पिशवी तशीच घेऊन प्रयोगशाळेत गेली.

मॅडम खरंच आनंदल्या. उठून जवळ आल्या, चहा मागवला, छापून आलेला लेख टेबलावर उलगडला. "आणि बघा, पहिलंच चित्र तुमचं! तुमच्या त्या तीन खेपा. त्यांच्यावरच तर सगळं उभं आहे."

तिनं वाकून पाहिलं. आलेखात सरळ आडवी रेघ. न पडलेले उंदीर.

"खाली काय लिहिलंय?"

मॅडमनी वाचून, समजावून सांगितलं. औषध निर्दोष होतं, टोचणी अचूक होती, तरीही आजार उद्भवला नाही.

"निर्दोष होतं, हे तुम्हाला कधी कळलं?"

"अं... लेख छापायच्या आधी वर्षभर, म्हणजे..." मॅडम कपाकडे बघायला लागल्या. "मी कळवणारच होते, ताई. पण म्हटलं, आता तुम्ही घरी निवांत असाल, नातवंडांत रमला असाल. उगाच जुनं कशाला उकरा?"

तिनं लेख घडी करून परत सरकवला. मॅडमनीच पुढं होऊन विचारलं, नव्या मुलींना शिकवायला याल का अधूनमधून? तिनं मान हलवली. हो की नाही, ते मॅडमना कळलं नाही, आणि त्यांनी पुन्हा विचारलंही नाही. भाजीची पिशवी घेऊन ती जिन्यानं खाली आली.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो खुर्चीतून उठलाच. "चोर सोडून संन्याशाला फाशी! चल, आत्ता जाऊ. चार लोकांत कबूल करू दे तिला."

"केलंय की कबूल," ती म्हणाली. "छापून केलंय. मला सोडून सगळ्या जगाला सांगितलंय."

सुनेला सांगितलं. "बघा, मी म्हणत नव्हते?" सून म्हणाली, आणि कढई पुसून आपल्या हातानं वर ठेवली. ती तरी काय करणार? तीन वर्षांत स्वयंपाकघर तिचं झालं होतं. नातीला उचलायला हात पुढे केले, तर पोरगी अंग चोरून बापाच्या पायामागे गेली. तिला या आजीची सवयच नव्हती.

काही महिन्यांनी चौकातल्या रक्त तपासणीच्या दुकानात माणूस हवा होता, तिथं ती लागली. सकाळी उपाशीपोटी आलेल्या लोकांचं रक्त काढायचं. मालकानं आठवडाभर पाहिलं आणि बाकीच्यांनी हात टेकलेल्या नसा तिच्याकडे पाठवायला सुरुवात केली. हात हलत नाही, नस चुकत नाही. पण सुई कातडीला लावली की ती जरा थांबते, आपल्याच हाताकडे बघते. दंडाला पट्टा आवळलेला, मूठ वळलेली, समोरचा माणूस तोंड फिरवून वाट बघत असतो. त्याला वाटतं, बाई फार जपून करतात.